लॅपटॉप चार्ज होत नाही? बॅटरी बदलण्याआधी भिंतीपासून सुरुवात करा

चार वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप 11 टक्क्यांवर अडकला. चार्जर लावलेला, पण आकडा काही हलेना. एका दुकानात नेला, तर बघताक्षणी उत्तर मिळालं, ‘बॅटरी गेली.’ 2,800 रुपये मोजले. नव्या बॅटरीत थोडं चार्जिंग होतं, म्हणून दुकानात तो छान चालला. घरी आल्यावर दोन तासांत पुन्हा तेच. शेवटी दोष सापडला तो भिंतीपासून अडॅप्टरपर्यंत जाणाऱ्या जाड वायरीत. वाकते तिथे ती आतून तुटली होती. बॅटरीचा काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हापासून ओळखीचं कुणी लॅपटॉप घेऊन आलं की मी एकच क्रम धरतो. बोर्ड, वायर, अडॅप्टर, जॅक (लॅपटॉपला चार्जरची पिन जिथे बसते ते भोक), सेटिंग आणि सगळ्यात शेवटी बॅटरी. वीज ज्या वाटेने येते त्याच वाटेने आपणही जायचं.

बोर्ड आणि वायर

चार्जरची पिन ज्या बोर्डात आहे तिथे आधी मोबाइल किंवा टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेंशन काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. जुन्या घरांत सॉकेट सैल झालेले असतात, पिन लोंबकळते आणि आत ठिणगी पडते. असा सॉकेट आधी बदलून घ्या.

मग अडॅप्टरच्या डब्यात घुसणारं वायरीचं टोक पूर्ण बाहेर काढा आणि घट्ट दाबून परत बसवा. हे टोक अर्धवट निसटलेलं असणं फार नेहमीचं आहे. अडॅप्टरवर छोटा दिवा असेल तर तो लागतो का बघा. लागत नसेल तर आधी ही जाड वायर बदलून पाहा. तीन भोकांची ही वायर बहुतेक लॅपटॉपना सारखीच असते. शेजाऱ्याकडून पाच मिनिटं मागून आणली तरी उलगडा होतो.

दिवा लागतो, पण लॅपटॉपला जोडताच विझतो, असं असेल तर अडॅप्टर कमजोर झालाय किंवा पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. तेव्हा तो पुन्हा पुन्हा लावून बघू नका.

आपल्याकडे लाइट जाते-येते, तो झटकाही अडॅप्टर खातो. बहुतेक अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टवर चालतात, त्यामुळे कमी दाबाची भीती फारशी नाही. धोका असतो लाइट परत येते त्या क्षणी. लाइट गेली की पिन काढून ठेवायची सवय लावा.

अडॅप्टर तुमच्याच लॅपटॉपचा आहे का?

घरात दोन-तीन लॅपटॉप असले की चार्जर अदलाबदल होतातच. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं. तिथले व्होल्ट आणि अँपिअर गुणा, म्हणजे वॅट मिळतात. 19.5 व्होल्ट गुणिले 3.34 अँपिअर, म्हणजे साधारण 65 वॅट. लॅपटॉपला 65 लागतात आणि तुम्ही 45 चा लावलाय, तर लॅपटॉप चालेल, पण बॅटरीच्या वाट्याला फारसं काही उरणार नाही. व्होल्ट मात्र जुळलेच पाहिजेत. अँपिअर जास्त असले तरी चालतात.

टाइप-सी पिनचा लॅपटॉप असेल तर आणखी दोन गोष्टी. मोबाइलचा चार्जर त्यात बसतो, पण त्याचे वॅट बहुधा कमी पडतात. आणि दोन सी-पोर्ट असले तरी काही मॉडेलांत चार्जिंग एकाच पोर्टमधून होतं. ज्याच्या शेजारी विजेचं किंवा पिनचं चिन्ह आहे, तो वापरा.

डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या चार्जरांत मधोमध एक सुईसारखी बारीक काडी असते. अडॅप्टर कोणता आहे हे लॅपटॉपला तिच्यावरून कळतं. ती वाकली की लॅपटॉप चालू राहतो, पण अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो आणि बॅटरी चार्ज होत नाही. नेमका याच वेळी बॅटरीवर आळ येतो.

जॅक, आणि आपल्या गावची धूळ

सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा मागच्या पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन आला. घरातच यंत्रमाग, टॉवेलचं काम. ‘काका, मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलंय. इतके पैसे कुठून आणू?’ मी मोबाइलचा टॉर्च लावून सी-पोर्टमध्ये डोकावलो. आत पांढरट, नमद्यासारखा दाबून बसलेला थर. रोज पिन खुपसून खुपसून सुताचे तंतू तळाशी ठासले गेले होते आणि पिन दीड-दोन मिलिमीटर बाहेरच राहत होती. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने कडेकडेने तो थर उचकटला. हरभऱ्याएवढा गोळा निघाला. पिन ‘टक’ करून बसली आणि चार्जिंगचा दिवा लागला. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही.

तुम्हीही हे घरी करू शकता. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. टाचणी किंवा सुई अजिबात नको, लाकडी काडीच घ्या. पोर्टच्या मधल्या पातळ जिभेला धक्का लावू नका. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीतला ओलावा आत जातो.

साफ करूनही पिन हलवली की चार्जिंग येतं-जातं, तर जॅक सैल झालाय. वायरीला दगड बांधून किंवा विशिष्ट कोनात अडकवून काम चालवू नका. तिथे गरम होऊन प्लास्टिक वितळतं. बऱ्याच लॅपटॉपांत हा जॅक वेगळा बदलता येतो, दुरुस्तीवाल्याला तेवढंच विचारा.

उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं, आणि मग ‘दुपारी चार्ज होत नाही, रात्री होतो’ अशी तक्रार सुरू होते. हा बहुधा बिघाड नसतो. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर तापली की आतलं सर्किट स्वतःहून चार्जिंग थांबवतं. तुमच्या भल्यासाठीच थांबवतं. पलंगावर सोलापुरी चादरीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या झाकल्या जातात आणि उष्णता आतच कोंडते. फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा, अर्धा तास बंद ठेवा, मग चार्जिंगला लावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, आत दव धरतं.

सेटिंग

आकडा नेमका 60 किंवा 80 वर थांबत असेल तर आनंद माना. बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून लेनोवो, आसुस, डेल, एचपी सगळेच अशी मर्यादा देतात. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ती बंद करता येते. 95 च्या वर चार्ज न होणंही अनेक मॉडेलांत नेहमीचंच आहे.

नाहीतर हे करा. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, बॅटरी निघत असेल तर तीही बाहेर. पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा. मग सगळं जोडून सुरू करा. आतला अडकलेला चार्ज निघून जातो आणि कित्येकदा एवढ्यावरच भागतं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘बॅटरीज’खालची मायक्रोसॉफ्टची एसीपीआय बॅटरीची नोंद अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं तरी चालतं. ती आपोआप परत येते.

आता बॅटरी

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला तेही तिथेच दिसतं. त्यात दोन आकडे बघा, डिझाइन कपॅसिटी (बॅटरी नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण भरल्यावरची). पहिला 41,000 आणि दुसरा 17,000 असेल, तर बॅटरीची ताकद निम्म्याहून खाली आली आहे. आता खर्च करायला हरकत नाही. दोन्ही आकडे जवळजवळ असतील आणि तरी चार्ज होत नसेल, तर दोष आतल्या सर्किटमध्ये असू शकतो. ते काम दुरुस्तीवाल्याचं.

दुकानात जाण्याआधी डेटाची प्रत काढून ठेवा. ‘आधी तुमच्याकडचा चालू अडॅप्टर लावून दाखवा’ असं स्पष्ट सांगा. नवी बॅटरी जुन्या बॅटरीवरचा मॉडेल नंबर जुळवूनच घ्या.

टचपॅड वर उचललेला दिसत असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर बॅटरी फुगली आहे. मग वरचं काहीच करू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.