गाडी सुटली की हिशोबाला कुलूप: सी प्रोग्राममधून फाइलची परवानगी कशी बदलावी

देवगडच्या आमच्या पॅकिंग शेडमध्ये हंगामात लिनक्सचा एकच कॉम्प्युटर आणि त्यावर चौघांचे हात. संध्याकाळी वाशीची गाडी सुटली की त्या दिवसाच्या पेट्यांचा हिशोब कुणीही बदलता कामा नये. हे काम आमचा छोटा सी प्रोग्रामच करतो. टर्मिनलमध्ये कमांड देऊनही परवानगी बदलता येते, पण गाडी भरायच्या गडबडीत ते राहून जातं.

आधी आकडा ठरवा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. हव्या त्यांची बेरीज करायची. पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. आमच्याकडे दिवसभर ६४० असतो: मालक वाचतो-लिहितो, ग्रुपमधली मुलं नुसती वाचतात, इतरांना काहीच नाही. गाडी सुटली की ४४०.

मालक कोण, हेही आधीच ठरवा, कारण परवानगी फक्त फाइलचा मालक किंवा रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) बदलू शकतो. आम्ही हिशोबासाठी वेगळा यूजर केलाय. प्रोग्राम त्याच्या नावाने चालतो, मुलं त्यात लॉगिन करत नाहीत.

आता प्रत्यक्ष कॉल, म्हणजे प्रोग्रामने सिस्टिमकडे करायची मागणी. त्याचं नाव सीएचमॉड. त्याला दोन गोष्टी द्यायच्या, फाइलचा पाथ (ती कुठे आहे तो पत्ता) आणि नवा आकडा. सी भाषेत आकड्याआधी शून्य लावायलाच हवं, म्हणजे ०६४०. (इथे देवनागरी छापलेत, कोडमध्ये इंग्रजी आकडेच टाका.) त्या शून्यामुळे कंपायलर आकडा ऑक्टल (० ते ७ या आठच अंकांच्या पद्धतीतला) धरतो. मी एकदा ते विसरलो. साधा ६४० गेला आणि ऑक्टलमध्ये तो १२०० झाला: मालकाला फक्त लिहायची मुभा, वाचायचीसुद्धा नाही, ग्रुपला काहीच नाही, वर स्टिकी बिट नावाची एक जादा खूण चढलेली. सकाळी सातला शेडवरून फोन, "दादा, हिशोब उघडना नाय." कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता, कारण त्याच्या लेखी ६४० हा चांगला धडधाकट आकडा. पायथनमध्ये शून्याला लागून ओ हे अक्षर आणि मग ६४० असं लिहावं लागतं.

कॉल काय परत देतो ते दर वेळी तपासा. शून्य आलं तर काम झालं. उणे एक आलं तर एरनो बघा, त्यात बिघाडाचं कारण असतं. ईपर्म म्हणजे तुम्ही मालक नाही. ईॲक्सेस म्हणजे पाथमधल्या एखाद्या फोल्डरात शिरायलाच मनाई. ईनोएंट म्हणजे त्या पाथवर फाइलच नाही.

फाइल प्रोग्रामने आधीच उघडलेली असेल तर एफसीएचमॉड वापरा. त्याला पाथऐवजी फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलला सिस्टिमने दिलेला क्रमांक) द्यायचा. पाथ दिला तर मधल्या क्षणात त्या नावाखाली दुसरी फाइल किंवा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) येऊ शकते, आणि सीएचमॉड सिमलिंकच्या मागे जाऊन मूळ फाइलच बदलतो. डिस्क्रिप्टर मात्र उघडलेल्या फाइललाच धरून असतो.

एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. लिहायची परवानगी आहे का, हे फाइल उघडताना तपासलं जातं, दर ओळ लिहिताना नाही. प्रोग्रामची दुसरी प्रत आधीपासून फाइल उघडून बसली असेल तर ४४० केल्यावरही ती लिहीत राहील. म्हणून आधी सगळ्या प्रती बंद करा, मग परवानगी बदला.

फोल्डरकडेही बघा. फाइल ४४० असली तरी फोल्डरात लिहायची परवानगी असलेला माणूस ती उडवून त्याच नावाची नवी फाइल ठेवू शकतो. आमचा फोल्डर त्याच हिशोबाच्या यूजरचा आहे आणि ०७५० वर ठेवलाय: ग्रुपला यादी बघता येते, आत शिरता येतं, काढाघाल करता येत नाही.

शेवटी स्टॅट (फाइलची माहिती देणारा) कॉल करून फाइलचा मोड वाचा, नुसता परवानगीचा भाग उरावा म्हणून ०७७७७ बरोबर अँड करा आणि हवा तोच आकडा आलाय का ते पडताळा. बॅकअप पेनड्राइव्हवर घेत असाल तर ध्यानात ठेवा, फॅट किंवा एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर या परवानग्या साठवल्याच जात नाहीत. आमचा पेनड्राइव्ह कपाटात कुलपाखाली असतो.