‘बाप्तिस्मा झालाय का?’ या प्रश्नाला मी खोटं बोललो

मोठेपणी कॅथलिक व्हायचं म्हणून चर्चमध्ये गेलो, तर पहिल्याच भेटीत फादरांनी हे विचारलं. मी ‘नाही’ म्हणालो आणि दीड वर्षाचा घोळ करून बसलो.

आमचं घर नगरकडचं, जुन्या प्रॉटेस्टंट मिशनमधलं. लहानपणी डोक्यावर पाणी घातलं होतं, एवढं आत्या सांगायची. दाखला कुठे सापडेना. म्हटलं, कशाला ती शोधाशोध, कोऱ्या पाटीने सुरुवात करू.

मोठेपणी कॅथलिक होताना पाटी अशी पुसता येत नाही. पाणी वापरून, पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्मा दुसऱ्या ख्रिस्ती पंथातला असला तरी कॅथलिक चर्च मानतं आणि पुन्हा देत नाही. म्हणून वाटाच दोन. बाप्तिस्मा न झालेल्यांसाठी 1972 पासूनचा टप्प्याटप्प्याचा विधी आहे: उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, सुरुवातीला बिशपांसमोर उमेदवारांची निवड, त्या काळातल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी खास प्रार्थना, मग ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण मिस्सेत (कॅथलिकांची मुख्य उपासना) बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार), ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर), सगळं एकाच रात्री. बाप्तिस्मा झालेल्याने शिकवणी घ्यायची, पापनिवेदन करायचं, विश्वासाची कबुली द्यायची. मग दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद. ईस्टरपर्यंत थांबायचीही सक्ती नाही. मी वर्षभर भलत्याच रांगेत उभा होतो.

उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी आत्या हौसेने मिस्सेला आली. जन्मांधाला दृष्टी मिळते, ती सुवार्ता त्या दिवशी वाचली गेली. बाहेर पडताना ती फादरांना म्हणाली, “ह्याच्या बाप्तिस्म्याला काय रडला होता हा!”

त्या ईस्टरला मी मागच्या बाकावर होतो.

तुमचा दाखला हरवला असेल तर घाबरू नका. तेव्हा हजर असलेल्या एका विश्वासू माणसाची साक्ष साधारणपणे पुरते. चौकशीनंतरही खरीच शंका उरली तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ अशी अट घालून तो देतात. पण आधी सांगा. आधीचं लग्न, घटस्फोट, तेही पहिल्याच महिन्यात सांगा. ते निस्तरायला शिकवणीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. आणि अनुसूचित जातीच्या मित्रांनो, 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा राहत नाही. हे घरी बोलून मगच पुढे जा.

गॉडफादर, म्हणजे संस्काराच्या वेळी तुमच्यासोबत उभा राहणारा, दृढीकरण झालेला, सोळा वर्षं पूर्ण केलेला हवा. आईवडील चालत नाहीत. माझ्या मते तो विद्वान नसला तरी चालेल, दर रविवारी दिसणारा हवा. यूट्यूबवरचे वाद बघून धर्म शिकू नका, नुसता ताप होतो. ‘तीन आठवड्यांत उरकून टाकू’ म्हणणारा भेटला तर चहा घ्या नि निघा. सगळे ख्रिस्तप्रसादाला उठतात तेव्हा आपण बाकावर बसून राहायची लाज वाटते, मलाही वाटायची. चार-पाच रविवारांत जाते.

माझं काम शेवटी आत्याच्याच साक्षीवर झालं, ऑगस्टमधल्या एका साध्या रविवारी, धो धो पावसात. साक्षीच्या कागदावर ‘मूल फार रडले’ हे वाक्य तिने हट्टाने लिहायला लावलं.