फियाटचा रेडिएटर: टाक्या जपा, कोअर बदला

मागच्या मे महिन्यात सासवडला निघालो होतो. दिवे घाट अर्धा चढलो आणि बाबांच्या १९६८ सालच्या फियाट ११०० डिलाइटच्या बॉनेटखालून वाफ यायला लागली. मी उतरून पुढे गेले, तर बाबा आतूनच ओरडले, "अगं, झाकणाला हात लावू नकोस! गार होऊ दे." तुम्हीही हे पाठच करा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण फिरवलं की आतला दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.

घरी आल्यावर लगेच रेडिएटर खोलू नका. फॅनबेल्ट सैल आहे का, थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकलाय का, खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, मऊ पडून चपटा होतोय का, झाकणाचं रबर गेलंय का, हे आधी बघा. गार गाडी झाकण काढून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर दुखणं बहुधा हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचं आहे. हे सगळं ठीक असेल तर गाडी चांगली तापवा, बंद करा आणि फॅन थांबल्यावर कोअरवरून, म्हणजे रेडिएटरच्या दोन टाक्यांमधल्या पाणी गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवरून, हलका हात फिरवा. जिथे गार पट्टा लागेल तिथल्या नळ्या चोक झाल्या समजा. आमची तर डावी बाजू जवळजवळ गारच होती.

कारण घरचंच होतं. कित्येक वर्षं बोअरचं जड पाणी भरलं, त्याचा क्षार नळ्यांत बसला. शिवाय कधीतरी गळती थांबवायला हळद टाकलेली. ड्रायव्हर मंडळींची ही जुनी युक्ती घरापर्यंत पोचवते खरी, पण नंतर रेडिएटर नीट धुतला नाही तर तीच हळद नळ्या बुजवते.

तयार रेडिएटरसाठी मी पुण्यातल्या नाना पेठेत दोन शनिवार घालवले, मग रविवारी जुना बाजार पालथा घातला. डिलाइटचीच पुढे पद्मिनी झाली, त्यामुळे "पद्मिनीचा आहे का?" असंही विचारा. पण मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यामुळे या मालाला आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक नाही. मला एक मिळाला, उंची-रुंदी जुळली, पण खालच्या होजचं तोंड भलत्याच बाजूला. म्हणून बाजारात जाताना पुठ्ठ्याचा साचा न्या: बोल्टची भोकं, दोन्ही होजची तोंडं, पाणी सोडायचा कॉक, सगळं त्यावर आखलेलं हवं.

शेवटी रस्त्यालगतच्या एका छोट्या रेडिएटर दुकानात गेले. तिथल्या चाचांनी आमचा जुना रेडिएटर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, टाक्या पितळेच्या आहेत, एकदम चांगल्या. फेकू नका. जाळी बदलू." ही जाळी म्हणजेच कोअर. माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. वरची-खालची टाकी आणि बाजूच्या पट्ट्या मूळच्या असतील, तर रेडिएटर गाडीत जसाच्या तसा बसतो. नळ्या शाबूत असून फक्त क्षार बसला असेल, तर वरची टाकी उकलून प्रत्येक नळीतून चपटी सळई घालतात, तेवढ्यानेही भागतं. आमच्या नळ्या पातळ झाल्या होत्या, म्हणून कोअरच बदलायचा ठरला.

ऑर्डर देताना कागदावर लिहून द्या: कोअरची उंची, रुंदी, जाडी, नळ्यांच्या किती रांगा, एका इंचात किती फिन्स (नळ्यांमधले पातळ पत्रे). पितळी नळ्या आणि तांब्याच्या फिन्सच मागा, म्हणजे पुढे गळती झाली तर डाग (सोल्डर) देता येतो. "एक रांग जास्त टाकतो, गाडी गार राहील," असं कुणी म्हटलं तर आधी फॅनच्या पात्यापासूनचं अंतर मोजा. आधीच्या एका वर्कशॉपने मला न विचारता जाड कोअर बनवून आणला होता. पातं त्याला टेकायला बोटभरच राहिलं होतं आणि तो परत करावा लागला.

डाग देऊन झाला की तुमच्यासमोर चाचणी करायला लावा. तोंडं बंद करून हवा भरतात, पाण्याच्या हौदात बुडवतात आणि बुडबुडा शोधतात. हवेचा दाब झाकणावर छापलेल्या आकड्यापेक्षा थोडाच जास्त ठेवायचा. नवं झाकणही त्याच आकड्याचं घ्या. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाचा दाब दर पीएसआयला (दाब मोजायचं एकक) तो उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर नेतो. म्हणून ढिलं झाकण घाटात लगेच दगा देतं. मात्र जास्त दाबाचं झाकण लावलं तर जुन्या टाक्यांचे सांधे सुटतात.

रंग काळा आणि अगदी पातळ द्या, जाड थराने उष्णता अडते. बसवण्याआधी इंजिनातलं पाणी वाहतं करून धुऊन काढा, नाहीतर आतला गंज पहिल्याच दिवशी नव्या नळ्यांत जाईल. मग डिस्टिल्ड वॉटर आणि तांबे-पितळेला चालणारं कूलंट भरा, हीटर असेल तर तो उघडा ठेवून हवा निघू द्या, आणि गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा. पहिल्या फेरीनंतर होजचे क्लॅम्प परत आवळा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी कागद कोरडा दिसला, की मग दिवे घाट.