मॅगी वॉकरवर प्रकल्प करायचाय? आधी एवढी तयारी करा

अमेरिकेतल्या शाळेत इतिहासाच्या प्रकल्पाला ‘आफ्रिकन-अमेरिकन उद्योजिका’ असा विषय आला की निम्मा वर्ग मॅडम सी. जे. वॉकरच्या मागे लागतो. केसांची मलमं, हडसन नदीकाठचा बंगला, लक्षाधीश झालेली धोबीण. गोष्ट आयतीच तयार असते. तुमच्या मुलीला किंवा मुलाला जरा खणायची आवड असेल तर त्याच आडनावाची दुसरी बाई घ्या, व्हर्जिनियातल्या रिचमंडची मॅगी लीना वॉकर. दोघींचं नातं काही नाही, पण आईबाप, मित्रमंडळी आणि कधीकधी शिक्षकही दोघींची सरमिसळ करतात. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: आपली वॉकर बँकवाली.

मग विषय आवळून घ्या. ‘मॅगी वॉकरचं जीवन आणि कार्य’ हा विषय नव्हे, तो शोकसभेतला मजकूर झाला. ‘बँक काढणारी अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री’ हे वाक्य खरं आहे, ते जरूर लिहा, पण त्यावर प्रकल्प उभा करू नका, कारण ‘पहिली’ म्हटल्यावर पुढे विचारायला काही उरत नाही. त्यापेक्षा असा प्रश्न घ्या: कपडे धुणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बायकांच्या सुट्ट्या नाण्यांवर बँक उभी राहिली कशी आणि टिकली कशी? पुढचं सगळं वाचन या प्रश्नाच्या चाळणीतून काढा. जे उत्तराला मदत करत नाही ते कितीही रंजक असलं तरी बाजूला ठेवा.

तारखांचा एक कागद वेगळा करा आणि त्यावर पेन्सिलीनंच लिहा. जन्मसालापासूनच गंमत आहे. १५ जुलै हा दिवस ठरलेला, पण जुन्या पुस्तकांत साल १८६७ सापडेल आणि नंतरच्या संशोधनात १८६४. तीन वर्षांनी काय बिघडतं, असं मूल म्हणेल. खूप बिघडतं. १८६४ साली यादवी युद्ध चालू होतं आणि रिचमंड ही गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेची राजधानी होती. ती पडली एप्रिल १८६५ मध्ये. म्हणजे साल बदललं की बाई कोणत्या जगात जन्मली तेच बदलतं. तिचं घर आज राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे आणि ती सेवा १८६४ धरते. तुम्हीही तेच धरा, पण दोन्ही सालं सांगून. परीक्षकांना असली तळटीप आवडते.

आता खरा मालमसाला: ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट ल्यूक’. हे समजल्याशिवाय बँक समजत नाही, तेव्हा इथे वेळ घालवा. आपल्याकडच्या भिशीला आजारपणाचा आणि अंत्यविधीचा विमा जोडला तर जे होईल, तशी ही संस्था होती. मेरी प्राउट नावाच्या कृष्णवर्णीय बाईनं ती बाल्टिमोरला सुरू केली. सभासद थोडी थोडी वर्गणी भरत, आजारी पडले तर मदत मिळे आणि मेल्यावर क्रियाकर्माचा खर्च निघे. मॅगी शाळकरी वयातच तिच्यात गेली. १८९९ साली मुख्य चिटणीसपद तिच्याकडे आलं तेव्हा तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणं सुमारे ४०० डॉलरचं. हा आकडा प्रदर्शनाच्या फलकावर मोठा लिहा. १९०१ साली तिनं सभासदांपुढे मांडलं ते थोडक्यात असं: आपले पैसे एकत्र करू, आपली बँक काढू, निकेलचे डॉलर करू. निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं, हे आजीआजोबा प्रकल्प बघायला येणार असतील तर सांगावं लागेल.

‘सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ २ नोव्हेंबर १९०३ रोजी उघडली. त्या एका दिवसावर अख्खं पान खर्च करा. सुमारे २८० जणांनी ठेवी ठेवल्या; एकानं तर फक्त ३१ सेंट. दिवसअखेर ९,३४० डॉलर जमले. मात्र या रकमेत ठेवी आणि विकलेले शेअर दोन्ही आहेत, हे लिहायला विसरू नका. बरेच जण सगळीच रक्कम ठेवी म्हणून देतात. ‘आजच्या पैशात किती?’ हा प्रश्न येणारच. सरकारी कामगार आकडेवारी खात्याचं महागाईचं गणकयंत्र १९१३ पासून सुरू होतं, १९०३ त्यात बसत नाही, तेव्हा ओढूनताणून आकडा देऊ नका. त्या काळच्या मजुरीशी किंवा जिनसांच्या भावाशी तुलना करा; ते भाव जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत मिळतात.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह फुकट आहे आणि त्यात ‘रिचमंड प्लॅनेट’ हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक आहे. शोधायला बसण्याआधी नावांची यादी करा: मॅगी मिचेल (लग्नाआधीचं, सावत्र वडिलांचं आडनाव), मॅगी एल. वॉकर, मिसेस आर्मस्टेड वॉकर. ‘कलर्ड’ आणि ‘नीग्रो’ हे शब्द टाकल्याशिवाय त्या काळचं फारसं काही हाती लागत नाही. ते शब्द अवतरणातच ठेवायचे, स्वतःच्या वाक्यात वापरायचे नाहीत, हे मुलाला आधी नीट समजावून द्या. आणि ‘प्लॅनेट’चा संपादक जॉन मिचेल हा स्वतःही एक बँक चालवत होता हे ध्यानात असू द्या. १९०४ साली ट्राममध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवण्याच्या नियमाविरुद्ध शहरात बहिष्कार झाला, तेव्हा ही दोघं एका बाजूला होती. पण मिचेलची बँक १९२२ मध्ये बुडाली आणि मॅगीची तरली. प्रकल्पाला धार हवी असेल तर ही तुलना सोन्यासारखी आहे.

अपयशालाही जागा ठेवा. १९०५ मध्ये ऑर्डरनं, म्हणजे त्याच सेंट ल्यूक संस्थेनं, ब्रॉड स्ट्रीटवर ‘सेंट ल्यूक एम्पोरियम’ हे मोठं दुकान थाटलं. कृष्णवर्णीय मुलींना कारकुनी आणि विक्रीची कामं मिळावीत हा एक हेतू होता. गोऱ्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, कृष्णवर्णीय गिऱ्हाइकंही पुरेशी आली नाहीत, आणि १९११ ला दुकान बंद पडलं. मुलं हा भाग गाळतात, नायिका उणी दिसेल म्हणून. मला तर इथेच ती खरी धंदेवाली दिसते.

१९१५ ची घटना कशी हाताळायची हे घरात बोलून ठरवा. मुलगा रसेल यानं चोर समजून गोळी झाडली आणि तिचा नवरा आर्मस्टेड गेला. खटल्यातून मुलगा निर्दोष सुटला. सनसनाटी म्हणून वापरायची असेल तर नकोच. पण या प्रकारानंतर ऑर्डरमधल्या विरोधकांनी तिच्या पदावर बोट ठेवलं आणि तिनं ते राखलं, एवढं दोन ओळींत यायला हवं.

रिचमंड गाडीनं जाण्याच्या टप्प्यात असेल तर जॅक्सन वॉर्डमधल्या ईस्ट ली स्ट्रीटवरचं तिचं घर बघून या. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, म्हणून वेळा आधी विचारा. बरंचसं सामान मूळचं आहे, आणि उतारवयात व्हीलचेअर लागली तेव्हा बसवलेली लिफ्टही. छायाचित्रं काढताना प्रत्येकाखाली तिथल्या तिथे तारीख आणि खोली टिपा.

नॅशनल हिस्टरी डे या शालेय इतिहास-प्रकल्प स्पर्धेसाठी करत असाल तर साधनांची टिपणांसह यादी लागते, त्यातही प्राथमिक आणि दुय्यम वेगळी. ती शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. वाचता वाचताच प्रत्येक साधनापुढे ‘यातून काय मिळालं’ अशी दोन वाक्यं लिहीत चला. सादरीकरणाच्या आधी घरच्यांना परीक्षक करून तीन प्रश्न विचारायला लावा: गोऱ्यांच्या बँका असताना वेगळी बँक कशाला? बायकाच का पुढे आल्या? आणि १९३० च्या मंदीत ही बँक कशी वाचली? तिसऱ्याचं उत्तर विलीनीकरणात आहे: रिचमंडमधल्या कृष्णवर्णीयांच्या बँका एकत्र येऊन ‘कन्सॉलिडेटेड बँक अँड ट्रस्ट’ झाली आणि १९३४ मध्ये मरेपर्यंत मॅगी तिच्या संचालक मंडळाची अध्यक्ष राहिली. दुसऱ्याचं उत्तर मुलानं स्वतःच्या शब्दांत द्यावं. पाठ केलेलं परीक्षकांना लगेच कळतं.