घरातील निरनिराळ्या खोल्यांत चित्र आणि आवाज पोहोचवण्यासाठी उपकरणे कशी निवडावीत

हॉलमधील सेट-टॉप बॉक्सवर लावलेला सामना बेडरूममध्येही दिसावा, सकाळची भक्तिगीते देवघरात आणि स्वयंपाकघरात एकाच वेळी ऐकू यावीत आणि साठवून ठेवलेले चित्रपट घरातील कोणत्याही टीव्हीवर पाहता यावेत, अशी इच्छा घेऊन अनेक जण दुकानात जातात आणि महागडे स्प्लिटर, मॅट्रिक्स (चित्र अनेक टीव्हींना वाटणारी उपकरणे) किंवा रिसीव्हर (स्पीकरना आवाज देणारे यंत्र) घेऊन परततात. खरेदीपूर्वी एका कागदावर घरातील खोल्यांची यादी करावी आणि प्रत्येक खोलीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. येथे नेमके काय पाहायचे किंवा ऐकायचे आहे? आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या खोलीतही चालू असायला हवे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक खोल्यांसाठी ‘नाही’ असेच येते, आणि जेथे ते ‘नाही’ आहे तेथे चित्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेण्याचे काहीच कारण उरत नाही. तेथे फक्त नेटवर्क पोहोचवावे लागते.

आजच्या स्मार्ट टीव्हीत किंवा त्याला लावलेल्या छोट्या स्ट्रीमिंग उपकरणात चित्र मिळवण्याची सोय असतेच. नेटफ्लिक्ससारखी सेवा ४के चित्रासाठी सेकंदाला सुमारे १५ मेगाबिटचा वेग पुरेसा मानते. तीन टीव्ही एकाच वेळी चालले तरी हा भार आजच्या फायबर जोडणीला जड नाही. अडचण येते ती राउटरपासून टीव्हीपर्यंतच्या शेवटच्या काही मीटरमध्ये. आरसीसीच्या भिंती आणि स्लॅब वाय-फायचे ५ गिगाहर्ट्‌झचे तरंग मोठ्या प्रमाणात अडवतात. २.४ गिगाहर्ट्‌झचे तरंग भिंतीतून अधिक सहज जातात, परंतु दाट वस्तीच्या सोसायटीत त्या पट्ट्यात शेजाऱ्यांच्या राउटरची इतकी गर्दी असते की चित्र अडखळू लागते. कोकणातील जांभ्याच्या जाड भिंती किंवा जुन्या वाड्यांच्या भिंती तर याहूनही कठीण. मेश राउटर (एकच वाय-फाय घरभर पसरवणारे अनेक नग) घेऊन हा प्रश्न सुटतो असे सांगितले जाते, पण त्याचे दोन नग जर एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर भिंतीचा अडथळा तसाच राहतो. मेशचे नग तारेने जोडले तरच त्यांचा पूर्ण उपयोग होतो, आणि म्हणून माझ्या मते या सगळ्या खर्चात पहिला पैसा प्रत्येक टीव्हीच्या मागे येणाऱ्या कॅट-६ तारेवर (नेटवर्कच्या तारेचा एक प्रकार) घालावा.

ज्यांच्याकडे नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या साठवणयंत्रावर) साठवलेले चित्रपट आहेत आणि जे प्लेक्स किंवा जेलिफिनसारख्या सॉफ्टवेअरने ते पाहतात, त्यांनी एक गोष्ट अवश्य तपासावी. बहुतेक टीव्हींमधील लॅन पोर्ट (नेटवर्कची तार लावण्याची जागा) सेकंदाला १०० मेगाबिटपुरताच असतो, तर ४के ब्लू-रे तबकडीवरील माहितीचा प्रवाह १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे अशी मूळ दर्जाची फाइल तारेने जोडलेल्या टीव्हीवरही मध्येच थांबू शकते. तेथे गिगाबिट पोर्ट असलेला वेगळा मीडिया प्लेअर घेणे हाच सरळ उपाय होय.

तार आणि पाइप

नवे घर घेतले असेल किंवा नूतनीकरण चालू असेल, तर पुट्टी भरण्याआधीच वायरमनशी बसून ठरवावे. टीव्हीच्या प्रत्येक जागी कॅट-६च्या किमान दोन तारा आणाव्यात, कारण एक नेटवर्कला लागते आणि दुसरी पुढेमागे चित्र वाहून नेण्यास उपयोगी पडते. सर्व तारांची दुसरी टोके एकाच ठिकाणी, म्हणजे राउटरच्या कपाटात, एकत्र आणावीत. या तारांचा पाइप विजेच्या २३० व्होल्टच्या तारांच्या पाइपापासून वेगळा असावा. दोन्ही एकाच पाइपातून नेणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चुकीचे आहे. २० मिलिमीटरच्या पाइपातून तयार एचडीएमआय केबलचे (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या तारेचे) टोक वळणांतून जात नाही, २५ मिलिमीटरच्या पाइपातूनही ते अडण्याची भीती असते. कॅट-६ तार मात्र जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची असून तिचे टोक तार ओढून झाल्यावर बसवता येते. पाइपाला काटकोनाऐवजी सौम्य वळणे द्यावीत आणि आत ओढणीसाठी एक मोकळी तार किंवा नायलॉनची दोरी कायमची ठेवावी, म्हणजे काही वर्षांनी तंत्र बदलले तरी भिंत फोडावी लागणार नाही.

तार विकत घेताना सर्वाधिक फसवणूक होते. बाजारात कॅट-६ या नावाने अॅल्युमिनियमच्या गाभ्यावर तांब्याचा मुलामा दिलेली तार मोठ्या प्रमाणात विकली जाते. ती स्वस्त असते, पण लांब अंतरावर कमकुवत ठरते, वळवताना मोडते आणि तारेतूनच वीज घेणारी उपकरणे तिच्यावर नीट चालत नाहीत. तपासण्याची रीत सोपी आहे. तारेच्या टोकाचे वरचे आवरण काढून आतील एक बारीक तार मोकळी करावी आणि चाकूच्या पात्याने तिचा पृष्ठभाग हलकेच खरवडावा. आत पांढरट चंदेरी रंग दिसला तर ती तार परत करावी, तांब्याचा रंग खोलवर टिकला तर ती घ्यावी. पूर्ण गुंडाळी घेत असाल तर वजनही पाहावे, कारण तांब्याची गुंडाळी लक्षात येण्याइतकी जड लागते.

चित्र खरोखरच न्यायचे असेल तेव्हा

काही प्रसंग उरतातच. सेट-टॉप बॉक्स एकच ठेवायचा आहे, गेमिंगचे यंत्र हॉलमध्ये आहे पण कधी कधी वरच्या मजल्यावर खेळायचे आहे, किंवा घरात पाहुणे जमल्यावर एकच सामना दोन-तीन खोल्यांत एकाच क्षणी दिसायला हवा आहे. शेवटच्या प्रसंगात प्रत्येक टीव्हीवर वेगळे स्ट्रीमिंग लावणे उपयोगाचे नाही, कारण स्ट्रीमिंगचे चित्र डीटीएचच्या मागे असते आणि दोन टीव्हींवरील स्ट्रीमिंगही एकमेकांशी जुळेलच असे नाही. हॉलमध्ये विकेट पडल्याचा जल्लोष होतो, तेव्हा बेडरूममध्ये गोलंदाज अजून धावतच असतो.

प्रत्येक खोलीत वेगवेगळी वाहिनी हवी असेल तर मात्र दुसरा सेट-टॉप बॉक्स घेणे अधिक शहाणपणाचे. त्यासाठी छतावरच्या डिशच्या तबकडीला दोन किंवा चार जोडण्यांचा एलएनबी (तबकडीसमोरचा संकेत टिपणारा भाग) बसवून प्रत्येक बॉक्ससाठी स्वतंत्र कोअॅक्सियल तार आणावी लागते. केबल टीव्हीसाठी वापरला जाणारा साधा स्प्लिटर येथे चालत नाही. सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून हवे ते ध्रुवीकरण (तरंगांची दिशा) निवडतो, आणि एकाच तारेवर दोन बॉक्स निरनिराळे आदेश देऊ लागले की काही वाहिन्या दिसेनाशा होतात.

एकाच स्रोताचे चित्र दूर न्यायचे असेल तर अंतर मोजावे. साधी एचडीएमआय केबल ४के चित्रासाठी पाच मीटरच्या आसपासपर्यंत भरवशाची असते. त्यापुढे प्रकाशतंतूची एचडीएमआय केबल घेता येते, पण तिला दिशा असते. स्रोताकडचे आणि टीव्हीकडचे टोक वेगळे असते, ते उलट बसवले तर चित्र येत नाही, आणि पाइपात ओढताना ती तीव्र कोनात मुडपली तर निकामी होते. भिंतीतून कॅट-६ आधीच आलेली असेल तर एक्स्टेंडरची जोडी (एचडीएमआयचे चित्र कॅट-६ वरून दूर नेणारी दोन उपकरणे) लावावी. यात एचडीबेसटी हे तंत्र सर्वांत भरवशाचे आहे. एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स या कंपन्यांनी २०१० मध्ये त्यासाठी संघ स्थापन केला, आणि त्यात चित्र, आवाज, नेटवर्क, रिमोटचे आदेश आणि वीज एकाच तारेतून जाऊ शकते. त्याच्या आधीच्या पिढ्यांत ४के चित्र ६० फ्रेमने पूर्ण रंगांसह जात नसे. ३.० आवृत्तीत ते जाते. परंतु केवळ डीटीएचचे चित्र न्यायचे असेल तर यावर पैसे खर्च करण्याची गरज नाही. एचडी वाहिन्यांचे चित्र १०८० रेषांचेच असते आणि त्याला १०८०पीची साधी एक्स्टेंडर जोडीही पुरते. अशी जोडी घेताना तिची तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थेट हवी, की ती नेटवर्क स्विचमधून (नेटवर्कच्या अनेक तारा एकत्र जोडणाऱ्या उपकरणातून) जाऊ शकते, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. थेट तारेची जोडी स्विचला लावली तर काहीच चालत नाही. स्विचमधून जाणारी जोडी मल्टिकास्ट पद्धतीची (एकच प्रवाह अनेकांना पाठवणारी) असेल आणि स्विच साधा असेल, तर चित्राचा लोंढा घरातील प्रत्येक पोर्टवर पसरतो आणि सगळ्यांचे इंटरनेट मंदावते. त्यासाठी आयजीएमपी स्नूपिंगची (प्रवाह फक्त हव्या त्या पोर्टवर पाठवण्याची) सोय असलेला स्विच लागतो.

स्प्लिटर एका स्रोताचे चित्र अनेक टीव्हींना देतो, मॅट्रिक्स अनेक स्रोतांतील कोणताही स्रोत कोणत्याही टीव्हीला देतो. घरात दोनच टीव्ही आणि एकच सामायिक बॉक्स असेल तर मॅट्रिक्सचा विचारही करू नये. दोन्हींत खरी कसोटी लागते ती ईडीआयडीची. प्रत्येक टीव्ही आपण कोणते चित्र आणि कोणता आवाज स्वीकारू शकतो याची माहिती स्रोताला देतो, ती ईडीआयडी. स्प्लिटरला दोन वेगवेगळे टीव्ही जोडले की बहुतेक स्वस्त स्प्लिटर त्यांतील कमकुवत टीव्हीची क्षमता स्रोताला कळवतात. परिणाम असा होतो की बेडरूममध्ये जुना १०८०पी टीव्ही जोडताच हॉलमधील ४के टीव्हीवरही १०८०पीच चित्र येते, आणि बेडरूमचा टीव्ही फक्त दोन चॅनेलचा आवाज घेत असेल तर हॉलमधील ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर अचानक स्टिरिओवर उतरते. पुष्कळ घरांत लोक यावर स्पीकरला दोष देतात. म्हणून स्प्लिटर किंवा मॅट्रिक्स घेताना प्रत्येक आउटपुटवर चित्र वेगळे उतरवण्याची सोय, म्हणजे डाउनस्केलिंग, आहे का आणि ईडीआयडी हाताने निवडता येतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ४के चित्रासाठी साखळीतील प्रत्येक उपकरण एचडीसीपी २.२ (चित्राची नक्कल रोखणारे संरक्षण) मानणारे हवे. मधला एक दुवा जरी जुना असला तरी चित्र खालच्या दर्जावर येते किंवा पडदा काळा राहतो.

बॉक्स हॉलमध्ये आणि पाहणारा बेडरूममध्ये असेल तर वाहिनी कशी बदलायची, हा प्रश्न बहुधा सगळे बसवून झाल्यावर आठवतो. इन्फ्रारेड रिमोटचा किरण भिंतीपलीकडे जात नाही. एक्स्टेंडरच्या जोडीत इन्फ्रारेडची सोय असलेली निवडावी. तिचा छोटा डोळा बेडरूमच्या टीव्हीखाली बसतो आणि दुसऱ्या टोकाचा प्रक्षेपक सेट-टॉप बॉक्सच्या काचेवर नेमक्या संवेदकासमोर चिकटवावा लागतो.

आवाजाचा विचार वेगळा करावा

फक्त गाणी, आकाशवाणी किंवा भजने अनेक खोल्यांत हवी असतील तर वाय-फाय स्पीकरचा गट करणे सर्वांत सोपे. एअरप्ले २ किंवा गूगल कास्ट (वाय-फायवरून आवाज पाठवण्याच्या पद्धती) मानणारे स्पीकर एकमेकांशी मेळ ठेवून वाजतात. ब्लूटूथ स्पीकर या कामासाठी घेऊ नयेत, त्यांचा पल्ला एका खोलीपुरताच असतो. मात्र मेळ राखण्यासाठी वाय-फाय गट आवाज थोडा साठवून मग वाजवतो, त्यामुळे टीव्हीचा आवाज अशा गटावर दिला की ओठ आणि शब्द यांची फारकत होते. टीव्हीचा आवाज टीव्हीच्या खोलीतील साउंडबारला किंवा रिसीव्हरला ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून परत नेणाऱ्या) जोडणीनेच द्यावा.

छतात बसवलेल्या स्पीकरना तारेने आवाज द्यायचा असेल तर भार मोजणे अपरिहार्य आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २ ओहम, आणि घरगुती अॅम्प्लिफायर तेथे तापून बंद पडतो. म्हणून प्रतिबाधा (ओहममध्ये मोजला जाणारा हा भार) जुळवणारा स्पीकर सिलेक्टर तरी वापरावा, किंवा अनेक चॅनेलचा अॅम्प्लिफायर घ्यावा, ज्यात प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. तारेच्या जाडीचाही हिशेब असतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १५ मीटर अंतरावर नेली की जाण्या-येण्याचा मिळून सुमारे ०.४ ओहम रोध होतो, म्हणजे ८ ओहमच्या पाच टक्के, आणि इतके चालते. त्याहून लांब, २५ मीटरपर्यंत, अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. खोक्यावर लिहिलेल्या हजारो वॅट पीएमपीओकडे (क्षणिक कमाल शक्तीच्या फुगवलेल्या आकड्याकडे) लक्ष देऊ नये. ८ ओहमवर प्रत्येक चॅनेलला किती वॅट आरएमएस (सलग मिळणारी शक्ती) मिळतात, तेवढेच विचारावे.

रिसीव्हरवर ‘झोन २’ लिहिलेले पाहून अनेकांना वाटते की दुसऱ्या खोलीची सोय झाली. ७.१ रिसीव्हरमध्ये झोन २ ला वीज मिळते ती बहुधा मागच्या दोन चॅनेलची, म्हणजे तो चालू असताना हॉलमध्ये ५.१ च उरते. शिवाय कमी किमतीच्या अनेक रिसीव्हरमध्ये एचडीएमआयने आलेला डिजिटल आवाज झोन २ मध्ये वाजतच नाही, फक्त अॅनालॉग जोडणीचा वाजतो. आपला सेट-टॉप बॉक्स झोन २ मध्ये ऐकू येईल का, हे त्या विशिष्ट मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच निर्णय घ्यावा.

वळवाच्या पावसात छतावरच्या तबकडीच्या तारेतून विजेचा झटका घरातील सगळ्या जोडलेल्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकतो. तबकडीला योग्य अर्थिंग करून घ्यावे, कोअॅक्सियल तारेवरही सर्ज संरक्षक बसवावा आणि गडगडाट सुरू होण्याआधी ती तार काढून ठेवावी. राउटर आणि स्विच छोट्या यूपीएसवर ठेवावेत. उपकरणांच्या कपाटाला मागून हवा खेळती ठेवावी.

बसवून झाल्यावर वायरमनला पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक तार तपासून घ्यावी. तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी, केबल टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात का ते पाहावे आणि मग सर्व टीव्ही एकाच वेळी, सर्वाधिक दर्जाच्या चित्रावर, किमान अर्धा तास चालू ठेवावेत. पडद्यावर पांढरे ठिपके चमकत असतील किंवा चित्र क्षणभर जाऊन परत येत असेल तर बहुधा तारेचे टोक नीट बसलेले नसते. ते कापून पुन्हा बसवून घ्यावे. हे सगळे पीओपीचे छत बंद होण्यापूर्वी करावे.