ऑफिसचा स्वतःचा मेल सर्व्हर लावायचाय? मग आधी हे वाचा

दादरला आमचं छोटं ऑफिस आहे, वीसेक जणांचा मेल मीच लावलाय आणि मीच सांभाळतो, त्यामुळे काय काय लागतं ते नीट सांगतो.

मशीन फार मोठं लागत नाही. ४ जीबी रॅम, दोन एसएसडी (डिस्क) रेड १ मधे, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, एक उडाली तरी काम चालू राहतं. पण रेड म्हणजे बॅकअप नव्हे हं, चुकून डिलीट केलेला मेल दोन्हीकडून जातो, रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी गेलाच पाहिजे. मशीन ऑफिसात ठेवणार असाल तर यूपीएस हवा आणि तळमजला नको, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडलेला. मी तर म्हणेन डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे मोठ्या मशीनमधला आपल्यापुरता आभासी सर्व्हर, भाड्याने घ्या. घरच्या ब्रॉडबँडवर नकोच, आयपी (इंटरनेटवरचा मशीनचा पत्ता) बदलत राहतो आणि पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो दरवाजा, बऱ्याचदा बंदच असतो.

सॉफ्टवेअर सगळं फुकट मिळतं. लिनक्सवर पोस्टफिक्स टाका, तो मेल घेतो आणि पाठवतो, समोरचा सर्व्हर बंद असेल तर मेल रांगेत ठेवून ५ दिवस परत परत प्रयत्न करतो. आलेला मेल प्रत्येकाच्या खात्यात ठेवायचा आणि फोनवर दाखवायचा हे डोव्हकॉटचं काम, पोर्ट ९९३. आपली माणसं मेल पाठवतील ते पोर्ट ५८७ वरून, पासवर्ड देऊनच, नाहीतर कोणीही तुमच्या सर्व्हरवरून स्पॅम सोडेल. स्पॅम गाळायला आरस्पॅमडी, ब्राउझरमधे बघायला राउंडक्यूब.

आता खरी मेहनत डीएनएसची, म्हणजे डोमेनचं नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं ते सांगणाऱ्या नोंदींची. एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते) सगळे टाकतात, पण एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे, मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे का ते तपासायला लागणारे तीन रेकॉर्ड नसतील तर मेल सरळ स्पॅममधे. आणि रिव्हर्स डीएनएस, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी नोंद! तो डोमेनच्या पॅनेलमधे नसतो, ज्याच्याकडून आयपी घेतला त्यालाच सांगावं लागतं, मला हे माहीत नव्हतं आणि आमची कोटेशनं दोन दिवस लोकांच्या स्पॅममधे पडून होती, एका जुन्या गिऱ्हाइकाने फोन केला तेव्हा कळलं, फार वाईट वाटलं. आयपी नवा घेतलात तर तो आधीच ब्लॅकलिस्टमधे (स्पॅम सोडणाऱ्या आयपींच्या यादीत) नाही ना तेही बघून घ्या.

सगळं झालं की स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा आणि त्याचा मूळ मजकूर (जीमेलमधला 'Show original') उघडून बघा, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे पास दिसलं पाहिजे. तोपर्यंत ऑफिसातल्या कोणाला नवा पत्ता देऊ नका.