'ॲड' दिसला की 'जोडा'? या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत आलेला मजकूर तपासताना माझी लाल पेन्सिल सगळ्यात जास्त झिजते ती एका चिमुकल्या शब्दावर. ए-डी-डी, ॲड. अवघड शब्द आला की लोक निदान शब्दकोश तरी उघडतात. हा 'येतोच', म्हणून कोणी बघत नाही आणि सरळ 'जोडणे' ठोकून मोकळे होतात.

माझा जुना वैरी म्हणजे 'असे त्यांनी जोडले'. इंग्रजी बातमीत माणूस काही बोलला की 'ही सेड' येतं आणि त्याला लागून आणखी काही बोलला की 'ही ॲडेड'. याचा अर्थ एवढाच की ते पुढे म्हणाले. मराठीत नळ जोडतात, तारा जोडतात, डबे जोडतात, हात जोडतात. बोलणं जोडत नाहीत. सवलत एकच आहे, ती 'पुस्ती'ला. 'अशी पुस्तीही त्यांनी जोडली' हे अस्सल मराठी आहे, पण त्याला किंचित खोचक वास येतो. शोकसंदेशाला पुस्ती जोडू नये.

या शब्दापायी एकदा माझीच फजिती झाली. ऐंशीएक पानांचा एक अहवाल भाषांतर होऊन आला होता. त्यात गावकऱ्यांच्या मुलाखती होत्या आणि पानोपानी कोणी ना कोणी काहीतरी 'जोडत' होतं. छपाईची घाई होती. मदतीला बसलेल्या मुलाला मी जाता जाता म्हटलं, "ते सगळीकडचं 'जोडले' काढ आणि 'पुढे म्हणाले' कर." त्यानं शोधा-बदला उघडलं, 'सगळे बदला' दाबलं आणि पाच मिनिटांत काम संपवून घरी गेला. सकाळी छापील पानं हातात घेतली, तर मुख्य वाहिनीला नवे पाइप पुढे म्हणाले होते. एक गाव पुलाने पुढे म्हणाले गेले होते. आणि शेवटी परिशिष्टात 'सोबत पुढे म्हणालेले नकाशे पाहावेत'. बदललेली फाइल त्यानं मूळ फाइलवरच सेव्ह केली होती, त्यामुळे मूळ पुसली गेली होती. मग जुना कागदी मसुदा शेजारी ठेवून ऐंशीच्या ऐंशी पानं हातानं तपासली. पोराला ओरडलो खरा, पण निम्मं पाप माझंच होतं, कारण सांगितलं मीच तसं होतं. तेव्हापासून शोधा वापरतो, बदला नाही. एकेका जागी थांबायचं, कोण कशात काय घालतंय ते बघायचं, मगच क्रियापद लिहायचं. वेळ लागतो. लागू दे.

कारण मराठीनं हे काम एका क्रियापदावर सोपवलेलंच नाही. द्रव ओततात, यादीत नाव घालतात, आकडे मिळवतात, ज्ञानात भर घालतात, अर्जाला कागद जोडतात. 'ॲड टू द कन्फ्यूजन' म्हणजे 'गोंधळाला जोडणे' नाही, गोंधळात भर पडणे. 'व्हॅल्यू ॲडेड टॅक्स'ला कोणीतरी 'मूल्यवर्धित कर' म्हटलं, तो माणूस विचार करून लिहिणारा होता. 'मूल्य जोडलेला कर' म्हणाला असता तर आज आपण तेच घोकत बसलो असतो.

दुसरी चूक नुसती भाषेची नाही, तिनं तोंड भाजू शकतं. 'ॲड ॲसिड टू वॉटर' याचं भाषांतर घाईत 'ॲसिडमध्ये पाणी घाला' असं झालेलं मी पाहिलं आहे. प्रयोगाच्या सूचनांमध्ये! नवशिक्या वाचकाला 'ॲसिड' आधी दिसतं, म्हणून तो तेच भांड्यात आधी ओतून ठेवतो. खरं तर उलट आहे. 'टू'च्या पुढे येतो तो यजमान, तो जागेवर असतो. आधी येतो तो पाहुणा, तो हलतो. म्हणून भांड्यात आधी पाणी, आणि त्यात आम्ल, हळूहळू, ढवळत. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या सुमारे १.८ पट असते. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच्या वर राहतं, मिसळताना सुटलेल्या उष्णतेनं तिथंच उकळतं आणि आम्लाचे थेंब घेऊन उडतं. एका विभक्तीच्या चुकीची किंमत इतकी असू शकते.

ही सवय लागते बेरजेमुळे. ३ मध्ये ५ मिळवा की ५ मध्ये ३, उत्तर ८च येतं, त्यामुळे कोणात काय घातलं हे बघायची गरज शाळेत कधी पडत नाही. वजाबाकीत मात्र तीच मुलं लगेच आपटतात. मी स्वतः 'टू' दिसला की समासात एक बारीक बाण काढतो, पाहुण्याकडून यजमानाकडे. पोरकट वाटतं, पण चुकत नाही. शिवाय हा 'टू' शब्दाच्या पोटातच आहे. मूळ लॅटिन 'आद्देरे', आणि त्यातल्या 'आद'चा अर्थच 'च्याकडे'.

उलट दिशेनं, म्हणजे आपण इंग्रजी लिहिताना, मराठीतला 'मध्ये' आडवा येतो. 'प्लीज ॲड मी इन द ग्रुप' लिहू नका, 'टू द ग्रुप' लिहा. 'ॲड फाइव्ह विथ थ्री' तर कुठेच चालत नाही. बोलताना 'मला ग्रुपमध्ये ॲड कर' म्हणता, ते खुशाल म्हणा. त्यावर नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही.

'इन ॲडिशन टू'साठी 'शिवाय' वापरताना जपून. वाक्याच्या सुरुवातीला सुटा आला तर तो 'आणखी' सांगतो, नामाला चिकटला की 'विना'. 'फीशिवाय अनामत भरावी लागेल' ही ओळ वाचून लोक फी माफ झाली म्हणून खूश होतात. 'व्यतिरिक्त'ही असाच दुतोंडी. मी सरळ लिहितो, 'फी आहेच, वर अनामतही भरावी लागेल.'

स्पेलिंग : जाहिरातीच्या ॲडमध्ये एकच डी, कारण ते 'ॲडव्हर्टाइजमेंट'चं शेपूट तोडून उरलेलं डोकं. आणि नावाआधी टिंब देऊन लिहिलेला 'ॲड.' हा वकील असतो, त्याला कशातही मिळवू नका.

'सेकंड एडिशन' म्हणजे दुसरी आवृत्ती. 'ॲडिशन' नाही.

राहिला 'ॲड अप'. 'द फिगर्स डोन्ट ॲड अप' असं आलं की कॅल्क्युलेटर काढू नका. बेरीज बरोबर असूनही हिशेब जुळत नसेल, तर लेखक सांगतोय की कुठेतरी पाणी मुरतंय. 'हिज स्टोरी डझन्ट ॲड अप'मध्ये तर आकडाच नसतो, त्याची हकीकत पटत नाही इतकंच. मागच्याच आठवड्यात एकानं हे वाक्य 'त्याच्या गोष्टीची बेरीज होत नाही' असं करून पाठवलं. मी समासात प्रश्नचिन्ह काढून परत केलं, तर उत्तर आलं, "मग 'जोडली जात नाही' करू का?"